ऑर्डरीशिवाय टॉवेल न्हाय

आमच्या शीतकेंद्रावर दूध दोनदा यायचं, सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात गार करायचं मशीन घुमत राहायचं आणि आम्ही बसून. काम नसलेल्या ऑफिसात माणसं दोनच गोष्टी करतात. कुणाची बढती होणार याचा अंदाज बांधतात, नाहीतर कुणाची हुकली ते रंगवून सांगतात. आठ-नऊ वर्षं असं बसल्यावर किस्से जमायचे राहतील कसे? कुणी मुद्दाम जमवले नाहीत. कोपऱ्यात रिकामे कॅन जमतात तसे ते जमले.

मी तिथं टायपिस्ट होते. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. बारामतीहून इंदापूरकडं जाणारी सकाळची एसटी धरायची, भवानीनगर गेलं, सणसर गेलं की उसाच्या मधोमध पत्र्याची लांब शेड दिसायची, तिथं उतरायचं. पुढं कॅन उतरवायचा ओटा, मागं ऑफिसची एक खोली. अजूनही जुनी माणसं लग्नाकार्यात भेटली की म्हणतात, "बाई, ते चपलांचं सांगा." मी सांगते. मग एकातून एक निघत जातं. शेवटचा एक मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगते.

*

सुरुवात माझ्याच इंटरव्ह्यूपासून करू. बारामतीला दूध संघाच्या ऑफिसात लांब टेबलापलीकडं सगळे संचालक बसलेले. मी टायपिंगचं सर्टिफिकेट पुढं केलं. ते कुणी पाहिलं नाही. एकानं विचारलं, "कुणाची गं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. ते कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळं पुढं काय विचारावं हे त्यांना सुचेना. मग दुसऱ्यानं विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

मला राग यायला तेव्हाही वेळ लागत नसे. मी म्हटलं, "येतो. पण जाहिरातीत लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर डबा घेऊन आले असते."

गेली नोकरी, असं मी मनाशी म्हटलं. टेबलाच्या टोकाला एक म्हातारे संचालक बसले होते, पांढरं धोतर, हातात काठी. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांच्या शब्दाबाहेर संघात पान हलत नसे. ते म्हणाले, "घ्या हिला. शीतकेंद्रावर पाठवा. तितं भांडायला माणूस लागतंयच."

माझी निवड टायपिंगवर झाली नाही, एवढं मी कधी विसरले नाही.

*

शीतकेंद्रावर पहिल्या दिवशी मला जो माणूस भेटला तो सोपानतात्या. ओट्यावर उभा राहून कॅनचं झाकण उचलायचा, नाकाशी न्यायचा आणि हातानंच खूण करायचा. घ्या, नाहीतर बाजूला ठेवा. दुधाचा पहिला वास झाकणाला येतो. आंबायला लागलेलं दूध लॅबच्या आधी तात्याच्या नाकाला कळायचं. तो आमचा सुपरवायझर.

तात्या मोरगावच्या पलीकडच्या माळावरचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बाप लवकर गेला, तेव्हा आईनं, ठकूबाईनं, कळप विकला, कोरडवाहू तुकडा कसला आणि पोराला दहावीपर्यंत शिकवलं. घराण्यातला हा पहिला नोकरदार. कॅन उतरवणारा म्हणून लागला आणि सुपरवायझरपर्यंत चढला. त्याच्यावर आता एकच पायरी होती, ती केंद्रप्रमुखाची. म्हणजे साहेबाची.

साहेबाची खुर्ची ऑफिसात लगेच ओळखू यायची. तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल असायचा. खुर्च्या सगळ्या एकाच दुकानातल्या, फरक टॉवेलाचा. नवा साहेब येणार म्हटलं की तात्या आठवडी बाजारातून नवा टॉवेल आणायचा, धुऊन, वाळवून, घडी मोडून खुर्चीवर टाकायचा. आणि साहेबाची बदली झाली की शाल, नारळ आणि तो टॉवेल त्याच्या हातात द्यायचा. ही पद्धत कुणी पाडली माहीत नाही, पण ती मोडायची हिंमत कुणाला नव्हती.

पुण्याकडचे एक साहेब आले आणि त्यांना हवा मानवेना, महिन्याभरात बदली करून घेतली. निरोपाच्या वेळी टॉवेल हातात पडल्यावर ते गोंधळले. "हे काय, तात्या?"

तात्या म्हणाला, "तुमचाच हाय, साहेब. खुर्ची हितंच ऱ्हाती, टॉवेल जातो."

साहेब गेला की नवा येईपर्यंत चार्ज तात्याकडं. कधी महिनाभर, कधी वर्षभर. सह्या तो करायचा, बोलणी तो खायचा, गाड्या तो लावायचा. पण त्या खुर्चीत बसायचा नाही. तिच्या शेजारी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसून तो टेबलाच्या कडेवर सह्या करायचा. आम्ही म्हणायचो, "तात्या, बसा की. टॉवेल आणू का?"

तो मान हलवायचा. "ऑर्डरीशिवाय टॉवेल न्हाय."

*

मी लागले त्याच आठवड्यात साहेबांनी चहाची किटली आल्यावर माझ्याकडं बघून हात पुढं केला. म्हणजे ओत. ऑफिसात बाई आली, म्हणजे चहा ओतायची सोय झाली, असा त्यांचा सरळ हिशेब. मी टाईपरायटरवरचे हात उचलले नाहीत. साहेब थांबले. मीही थांबले. कुणीतरी काहीतरी बोललं असतं तर बरं झालं असतं, पण सगळे किटलीकडं बघत राहिले.

ओट्यावरून तात्या आत आला. काय चाललंय ते त्यानं एका नजरेत ओळखलं असणार. हात पुसत म्हणाला, "सायेब, हितं चहाची पाळी असती. आज माझी हाय. उद्या बाईंची. परवा तुमची."

अशी कुठलीही पाळी त्या दिवसापर्यंत नव्हती. पण तात्यानं सांगितल्यावर ती पुढं कायमची झाली, आणि केंद्रावर जो जो साहेब आला त्याला ती पाळावी लागली. चहा ओतणाऱ्या साहेबाकडं बघून गाडीवाले ड्रायव्हर हसायचे. तात्या कधी हसला नाही.

तात्या आणि मी, दोघांचं बरं जुळायचं. संध्याकाळी एकाच रस्त्याला उभे राहून आम्ही एसटीची वाट बघायचो. मग व्हायचं तेच झालं. कुणीतरी कुणाच्या कानात सांगितलं. मी लग्न न झालेली, तो बायकोपोरांचा. मला ओट्यावरून जाताना लोक गप्प व्हायला लागलेले कळायचे. रात्री घरी रडले मी, खोटं कशाला बोलू.

तात्यानं कुणाला जाब विचारला नाही, की शपथा घातल्या नाहीत. शनिवारी बायकोला घेऊन आला. ओट्यावर सगळे असताना तिला माझ्या शेजारी उभं केलं आणि म्हणाला, "बाई, ही माझी मंडळी, सखू. माझ्यापरीस हिला बोलायला लय लागतंय. तवा आजपास्नं तुमी हिच्या मैत्रीण. मी मधी न्हाय."

त्या शनिवारपासून सखूवहिनीनं माझ्यासाठी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायला सुरुवात केली. ती मी केंद्र सोडेपर्यंत येत होती. कुजबूज आपोआप थांबली.

*

आता जगताप. लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागला तेव्हा नुकता बी.एस्सी. झालेला, इस्त्रीचा शर्ट, नवी मोटारसायकल. आल्या दिवसापासून त्याला वर जायचं होतं. मी त्याचे इतके अर्ज टाईप केले की त्याचं नाव माझी बोटं न बघता मारायची. तरी माणूस वाईट नव्हता. घाई होती त्याला, एवढंच.

तात्यानं त्याला झाकणाचा वास घ्यायला शिकवलं. एका सकाळी तात्या गाडीवाल्याशी बोलत थोडा बाजूला गेला आणि ओट्यावर जगताप उभा राहिला. त्याला सर्दी झालेली. सांगायची लाज वाटली असेल. आंबलेले कॅन त्यानं घ्या म्हणून खूण केली, ते टाकीत गेले, आणि दुपारपर्यंत अख्खी टाकी नासली. सबंध शेडमध्ये वास पसरला.

बारामतीहून चौकशीला माणसं आली. साहेबांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. "ओट्यावर कोण होतं?"

जगतापचा चेहरा पांढरा पडला होता. तो अजून कायम झाला नव्हता. त्या क्षणी त्याचं नाव निघालं असतं तर संध्याकाळच्या एसटीनं तो घरी गेला असता. त्यानं तोंड उघडलं, मिटलं.

तात्या म्हणाला, "ओटा माझा हाय. मीच व्हतो."

तात्यावर लेखी ठपका बसला. एवढ्या वर्षांच्या नोकरीतला पहिलाच. मी तो टाईप केला. टाईप करताना मी चिडून म्हटलं, "तात्या, हा डाग बढतीच्या वेळी वर येईल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की."

"मग कशाला?"

तात्या म्हणाला, "कळपात एखादं कोकरू मागं ऱ्हायलं, तर राखण्याला बोलणी बसत्यात, बाई. कोकराला कोण बोलतंय?"

जगताप तेव्हा दारातच उभा होता. तो आत आला नाही आणि गेलाही नाही.

*

चपलांचा किस्सा हाच. जगताप कायम झाला तसा त्याला कुणीतरी कानमंत्र दिला की आबा दर चतुर्थीला मोरगावला दर्शनाला जातात. झालं. जगतापची भक्ती उफाळून आली. दर चतुर्थीला सुट्टी टाकून मोरगाव. आबा देवळात गेले की हा बाहेर त्यांच्या चपलांपाशी उभा राहायचा, राखण करत. आबा बाहेर आले की चपला सरळ करून पुढं ठेवायचा. असं कितीतरी महिने चाललं. आबा "बरं हाय का?" एवढं म्हणून जीपमध्ये बसायचे.

एका चतुर्थीला हा पोचला तेव्हा आबा आत गेलेले, म्हणून हा उन्हात उभा. माळावरचं ऊन, सावली कुठं नाही. आबांच्या चपला समोर, त्याच करकरीत कोल्हापुरी. दर्शनाची रांग ओसरली. नैवेद्य झाला. देवळासमोर बांधलेली शेरडं सोडून घेऊन माणसं घरी गेली. आबा काही बाहेर येईनात. शेवटी एक पुजारी बाहेर आला, त्यानं त्या चपला पायात घातल्या आणि निघाला.

जगतापनं त्याचा हात धरला. "अहो, आबांच्या आहेत त्या."

"माझ्या हायत," पुजारी म्हणाला. "आबा कवाच मागच्या दारानं गेलं. पायाला सूज हाय त्यांच्या, आज बूट घालून आलं व्हतं."

हे त्यानंच आम्हाला सांगितलं, म्हणून मला तो आवडायचा. पण गंमत पुढं आहे. आबांच्या घरच्या बायका मागं राहिल्या होत्या, त्या देवळाच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. एवढ्या उन्हात चपला राखणारा पोरगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. वर्षाच्या आत आबांच्या भाचीशी जगतापचं लग्न ठरलं. तात्यानं त्याला आहेरात टॉवेल दिला. पांढरा, टर्किश. सगळे हसले. तात्या म्हणाला, "लागंल कवातरी."

*

ठकूबाई केंद्रावर पहिल्यांदा आली तेव्हा चार्ज तात्याकडं होता आणि खुर्चीवर टॉवेल नव्हता.

म्हातारी उंच, सडपातळ, काठीला टेकून चालणारी. खांद्यावर घोंगडं. ते त्यांच्याच कळपाच्या लोकरीचं होतं, कळप विकायच्या आधीच्या शेवटच्या कातरणीचं. कुठंही जाताना ती ते बरोबर घ्यायची. आम्ही तिला बसायला खुर्ची दिली. "नगं, मला खालीच बरं वाटतंय," म्हणून ती साहेबाच्या टेबलासमोर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि लेकाकडं बघत राहिली. लेक स्टुलावर.

"ती खुर्ची कुणाची?" तिनं विचारलं.

"साहेबाची, आये."

"साहेब कुठं हाय?"

"न्हाय अजून. यील."

"मग कारभार कोण बघतंय?"

तात्यानं सहीचा कागद पुढं ओढला. मीच म्हटलं, "तात्याच बघतात सगळं. टॉवेल तेवढा नाही. ऑर्डर आली की टॉवेल येतो, मग ती खुर्ची त्यांची."

तिनं ते मनात नीट बसवून घेतल्यासारखी मान हलवली. मग उठली, खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी केली आणि साहेबाच्या खुर्चीवर ठेवलं. तात्या घाईनं उठला. "आये, तितं नगं."

"राखण्याची जागा रिकामी ठिवू नये," ती म्हणाली. "मेंढरांच्या वाड्यावरनं माणूस हालला तर त्याच्या जाग्याला घोंगडं ठिवायचं. मेंढरं गप बसत्यात. तुज्या बापानं शिकवलं न्हाय व्हय तुला? त्यो उरला न्हाय म्हना शिकवायला." मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तू बसशील तवा उचल. मला ह्या डोळ्यांनी बघायचंय तेवढं. मग मी सुटले."

ती गेली. आईनं ठेवलेलं उचलायला तात्याचा हात धजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, कधी नव्हे ते, आबांची जीप दारात.

आबांनी ऑफिसात पाऊल टाकलं आणि त्यांची नजर सरळ खुर्चीकडं गेली. "हे काय रं, सोपान?"

तात्याला काहीही सांगता आलं असतं. वाळत घातलंय, गाडीवाल्याचं आहे, काहीही. तो म्हणाला, "आयनं ठिवलंय, आबा. जागा रिकामी ठिवू नये म्हणून."

आबा मोठ्यानं हसले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. काठीच्या टोकानं घोंगडं जरा सरकवून म्हणाले, "जागा भरायचं काम आमचं हाय, आमच्याकडंच ऱ्हाऊ दे."

पंधरवड्यात बाहेरचा साहेब आला. तात्यानं बाजारातून टॉवेल आणला, धुतला, वाळवला. घोंगडं घडी करून घरी नेलं.

*

तो साहेबही गेला आणि मग एकदा खरोखर बारामतीला इंटरव्ह्यू झाले. संघानं ठरवलं होतं की या वेळी बाहेरचा माणूस नाही, केंद्रातलाच करायचा. उमेदवार दोन. तात्या आणि जगताप.

कागदपत्रं घेऊन मी गेले होते, त्यामुळं खोलीत कोपऱ्यात बसायला मिळालं. जगतापचं पाच मिनिटांत उरकलं. "भाची बरी हाय का?" हा त्यातला एक प्रश्न होता.

तात्याला त्यांनी बराच वेळ ठेवलं. एक संचालक म्हणाले, "एवढ्या वेळा चार्ज सांभाळला. मग त्या खुर्चीत कधी बसत का न्हाय? लोक सांगत्यात."

"बसलं की उठावं लागतंय, साहेब. ते जड जातंय."

मग दुसऱ्यानं कागद चाळत विचारलं, "मागं टाकी नासली व्हती. ठपका तुमच्यावर हाय. ओट्यावर तुमीच व्हता ना?"

मी तात्याकडं बघितलं. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर जगताप बसलेला इथून दिसत होता. त्यालाही सगळं ऐकू येत होतं. आता तरी सांग, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. एका शब्दाचं काम होतं. जगतापची बढती त्या एका शब्दानं गेली असती आणि तात्याची झाली असती.

"व्हय," तात्या म्हणाला. "मीच व्हतो."

येताना तिघंही एकाच एसटीत होतो. जगताप पुढच्या सीटवर खिडकीतून बाहेर बघत होता. सणसर येईपर्यंत तो एकदाही मागं वळला नाही.

*

ऑर्डर जगतापची निघाली.

तात्यानं टॉवेल आणायला बाजार गाठला नाही. जगतापनं स्वतःच घरून आणला, लग्नात तात्यानं दिलेला. तात्यानं तो त्याच्या हातातून घेऊन खुर्चीवर टाकला, कडा सारख्या केल्या आणि ओट्यावर निघून गेला. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तो मला म्हणाला, "आये आजारी हाय, बाई. पायावर सूज हाय. ह्यातलं तिला कायबी सांगितलं न्हाय."

पण सांगायला माणसं लागत नाहीत, गाड्या पुरतात. मोरगावकडच्या दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं त्यांच्या वस्तीवर सांगितलं, "शीतकेंद्राची ऑर्डर निघाली. ह्या वक्ताला बाहेरचा न्हाय, हितलाच माणूस साहेब झाला." म्हातारीला हितला माणूस एकच माहीत होता.

सकाळच्या गाड्या लागत होत्या. मी खिडकीशी होते. मोरगावची गाडी आली आणि ड्रायव्हरच्या शेजारून दोन जणांनी धरून ठकूबाईला उतरवलं. अंगानं अर्धी झाली होती, पाय मात्र सुजलेले. अंगावर ठेवणीतलं लुगडं, खांद्यावर घोंगडं. तात्या ओट्यावरून तिच्याकडं धावला नाही. तो उलटा आत आला. एवढ्या वर्षांत मी त्याला घाबरलेला बघितला नव्हता. म्हणाला, "बाई, ती मला बघायला आली. आता मी तिला काय सांगू?"

खुर्चीत जगताप बसलेला. मी त्याला म्हटलं, "जगताप, तात्यांची आई आली आहे. तिला वाटतंय की..."

त्यानं मला पुरं बोलू दिलं नाही. उठला, पाठीवरचा टॉवेल ओढून त्याचा बोळा केला, टेबलाखाली टाकला आणि तात्याचा दंड धरला. "तात्या, बसा."

"न्हाय, साहेब."

"तात्या, टाकी नासली त्या दिवशी मी गप्प बसलो. इंटरव्ह्यूच्या दिवशीही गप्प बसलो. आज तुम्ही गप्प बसा."

त्यानं तात्याला जवळजवळ ढकलूनच खुर्चीत बसवलं आणि बाह्या वर करत ओट्यावर गेला.

ठकूबाई दारात आली. लेक खुर्चीत. ती तिथंच थोडा वेळ उभी राहिली. मी खुर्ची पुढं केली, तर तिनं नको म्हटलं. मागच्यासारखीच ती टेबलासमोर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. बसायला तिला फार त्रास झाला. मग ती बघत राहिली. तात्याचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

जगताप हातात कॅनचं झाकण घेऊन आत आला. "साहेब, या गाडीचं दूध घेऊ का? वास बरा आहे."

तात्याचा हात सवयीनं खुणेला उठला. "घ्या."

चहा आला. पाळी कुणाची होती कुणास ठाऊक, जगतापनंच ओतला. पहिला कप म्हातारीला, दुसरा तात्याला. तिनं चहा सावकाश प्यायला. मला विचारलं, "बाई, बरं हाय ना तुमचं?" मी हो म्हटलं. आणि टाईपरायटरमध्ये कागद घालायला लागले, भरलेले डोळे तिला दिसू द्यायचे नव्हते.

गाडी परत निघायची वेळ झाली. ती काठीचा आधार घेऊन उठली आणि खांद्यावरचं घोंगडं काढलं. ती ते आता खुर्चीवर घालणार, असं वाटून तात्या पटकन उठून बाजूला झाला. ती खुर्चीजवळून पुढं गेली. शेजारच्या लाकडी स्टुलापाशी थांबली. घोंगड्याची घडी तिनं त्या स्टुलावर ठेवली आणि वरून हात फिरवून सारखी केली.

"ही जागा रिकामी ठिवू नगं," ती लेकाला म्हणाली.

मग दारापाशी गेली. तिथं जगताप उभा होता, बाह्या वर केलेल्या, हातात अजून ते झाकण. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

"तुजा टॉवेल टेबलाखाली पडलाय, लेकरा," ती म्हणाली. "उचल. मळंल."